रायपूरच्या छतावरील पाऊस : घरगुती जलसंकलन कसे सुधारावे

छत्तीसगडची राजधानी असलेल्या रायपूर शहरात वर्षाला सरासरी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या वार्षिक पावसाच्या तुलनेत हे प्रमाण दीडपटीहून अधिक आहे. तरीही उन्हाळ्यात शहरातील अनेक वसाहतींमधील कूपनलिकांचे पाणी खोल जाते आणि महापालिकेच्या टँकरची वाट पाहावी लागते. जूनच्या मध्यास दाखल होणारा मोसमी पाऊस आपले बहुतेक पाणी सप्टेंबरअखेरपर्यंतच्या मोजक्या दिवसांत देतो. ते पाणी छतावरून अंगणात, अंगणातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात वाहून जाते. पुढचे आठ महिने भागवायचे ते या मोजक्या दिवसांच्या पाण्यावरच.

छतावरील पाऊस साठवणे किंवा जमिनीत मुरवणे हा यावरचा उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. रायपूरमध्ये त्याविषयी नियमही आहे आणि अलीकडच्या काळात मोठ्या संख्येने कामेही झाली आहेत. मात्र घराशेजारी खड्डा खणून त्यात छताचा नळ सोडला की काम संपले, हा समज अपुरा आहे. शहराची भूरचना, छतावर साचणारी धूळ, भूखंडाचा आकार आणि दरवर्षीची देखभाल या बाबींचा विचार झाला नाही, तर तीच रचना निरुपयोगी ठरते. काही ठिकाणी तर ती शेजाऱ्याच्या कूपनलिकेतील पाणी दूषित करण्यासही कारणीभूत होऊ शकते.

नदी, तलाव आणि कूपनलिका

रायपूरच्या पश्चिमेकडून खारून नदी वाहते. ही शिवनाथची उपनदी असून शिवनाथ पुढे महानदीस मिळते. शहराला नळाने पाणी देण्याची पहिली मोठी योजना खारून नदीवरच उभी राहिली. राजनांदगाव संस्थानचे राजे बलराम दास यांच्या देणगीतून साकारलेले हे जलकेंद्र १८९२ मध्ये सुरू झाले. आजही शहराचा मुख्य पुरवठा खारूनमधूनच होतो. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावल्यावर मात्र धमतरीजवळील गंगरेल धरणातून, म्हणजेच महानदीवरील रविशंकर सागर जलाशयातून, कालव्याने पाणी आणावे लागते. हे धरण शहरापासून सुमारे नव्वद किलोमीटर दूर आहे.

नळयोजनेपूर्वी शहराची तहान तलाव आणि विहिरी भागवीत असत. बूढा तालाब, ज्यास आता विवेकानंद सरोवर म्हणतात, तसेच महाराजबंध, तेलीबांधा आणि कंकाली तलाव ही त्या व्यवस्थेची आजही दिसणारी ठिकाणे आहेत. राजबंधा तलाव मात्र बुजवला गेला आणि त्या जागेची ओळख आज राजबंधा मैदान अशी आहे. कौलारू घरांच्या पागोळ्या मातीच्या अंगणात पडत. काही पाणी तेथेच मुरे, उरलेले उताराने तलावाकडे जाई आणि तलावातून झिरपून आसपासच्या विहिरींना मिळे.

२००० साली छत्तीसगड राज्याची स्थापना झाली आणि रायपूर राजधानी झाले. २००१ च्या जनगणनेत सुमारे सहा लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये दहा लाखांवर गेली. मातीच्या अंगणांची जागा काँक्रीट आणि फरशीने घेतली. नळाचे पाणी पोहोचण्यापूर्वीच वसलेल्या वसाहतींनी कूपनलिकांचा आधार घेतला. जमिनीतून उपसा वाढला आणि मुरण्याच्या वाटा मात्र कमी झाल्या. घरगुती जलसंकलनाचा आजचा प्रश्न या बदलातून उभा राहिला आहे.

एका छतावर किती पाणी

छतावरून मिळणाऱ्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. छताचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्यास पावसाच्या मिलिमीटरने गुणावे आणि आलेले लिटर ०.८ ने गुणावेत. पक्क्या छतावरून सुमारे ऐंशी टक्के पाणी हाती लागते, उरलेले बाष्पीभवन, गळती आणि पहिल्या धुवणीत जाते, असे यात गृहीत धरले आहे. या हिशोबाने १०० चौरस मीटर छतावरून रायपूरच्या सरासरी पावसात वर्षाला सुमारे ९६,००० लिटर पाणी मिळू शकते.

शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित प्रमाण दरडोई दररोज १३५ लिटर आहे. पाच माणसांच्या कुटुंबाची गरज त्यानुसार दिवसाला ६७५ लिटर होते. म्हणजे हे पाणी त्या कुटुंबाच्या सुमारे १४० दिवसांच्या संपूर्ण वापराइतके आहे. अर्थात हे सर्व पाणी साठवण्याएवढी टाकी सामान्य घरात बांधणे शक्य नसते. म्हणूनच किती साठवायचे आणि किती जमिनीत सोडायचे, हा निर्णय प्रथम घ्यावा लागतो.

नियम आणि वस्तुस्थिती

छत्तीसगड भूमी विकास नियम, १९८४ मधील तरतुदीनुसार १५० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील बांधकामास पर्जन्यजल संकलनाची व्यवस्था बंधनकारक आहे. बांधकाम परवानगी देताना महापालिका घरमालकाकडून ठरावीक रक्कम अनामत म्हणून घेते आणि व्यवस्था पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर ती परत करते. प्रत्यक्षात अनेक घरमालक अनामत सोडून देतात, पण व्यवस्था करीत नाहीत, हा विषय शहरात वारंवार चर्चेला आला आहे.

केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाच्या ‘जलसंचय जनभागीदारी’ उपक्रमाच्या नोव्हेंबर २०२५ मधील पुरस्कारांत रायपूर महापालिकेस देशातील महापालिकांमध्ये पहिले स्थान मिळाले. उभारलेल्या कामांची संख्या हा या उपक्रमातील महत्त्वाचा निकष होता. संख्येचा टप्पा गाठल्यानंतर आता पुढचा प्रश्न गुणवत्तेचा आहे. उभारलेली रचना तिसऱ्या आणि पाचव्या पावसाळ्यातही पाणी घेते का, आणि जमिनीत जाणारे पाणी स्वच्छ आहे का, यावरच या कामांचे खरे मूल्य ठरणार आहे.

जमीन काय सांगते

रायपूर परिसराखाली छत्तीसगड खोऱ्यातील अतिप्राचीन चुनखडक आणि शेल हे थर आहेत. याच चुनखडकामुळे रायपूर आणि शेजारच्या बलौदाबाजार परिसरात सिमेंट उद्योग वाढला. चुनखडकातील भेगा पाण्याने विरघळून रुंदावतात आणि कालांतराने त्यांत पोकळ्या तयार होतात. अशा पोकळीत लागलेली कूपनलिका भरपूर पाणी देते. शेजारच्याच भूखंडावर खणलेली दुसरी कोरडी निघते, याचेही कारण हेच आहे. शेलच्या थरातून मात्र पाणी अतिशय मंद गतीने जाते.

या भूरचनेचा एक परिणाम घरमालकाने विशेष लक्षात घ्यावा. वाळूच्या किंवा गाळाच्या जमिनीतून खाली जाताना पाणी नैसर्गिकरीत्या बरेचसे गाळले जाते. चुनखडकाच्या रुंद भेगांतून ते जवळजवळ जसेच्या तसे आणि वेगाने पुढे सरकते. त्यामुळे एका घराने जमिनीत सोडलेले घाण पाणी थोड्याच काळात दुसऱ्या घराच्या कूपनलिकेत पोहोचू शकते. येथे गाळणी नीट असणे हा केवळ स्वतःच्या घरापुरता प्रश्न राहत नाही.

वरच्या मातीचेही प्रकार आहेत. छत्तीसगडच्या शेतकऱ्यांनी मातीला भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशी नावे दिली आहेत. भाठा ही मुरमाड, तांबडी, उंचवट्यावरची जमीन असते. रावणभाठा यांसारख्या रायपुरातील ठिकाणांच्या नावांत हा शब्द आजही आढळतो. अशा जमिनीत पाणी लवकर मुरते. कन्हार ही काळी चिकणमाती असून ओली झाल्यावर ती फुगते आणि पाण्याची वाट बंद करते. मटासी आणि डोरसा या दोहोंच्या दरम्यानच्या आहेत. कन्हार जमिनीत खणलेला उथळ शोषखड्डा पहिल्या दोन-तीन सरींनंतर हौदासारखा तुंबतो. तेथे खड्डा चिकणमातीच्या थराखाली, मुरूम किंवा भेगाळलेला खडक लागेपर्यंत न्यावा लागतो.

जमिनीची परीक्षा घरच्या घरी करता येते. नियोजित जागी खड्डा खणून त्याच्या तळाशी सुमारे एक फूट लांब, रुंद आणि खोल असा लहान खड्डा करावा. तो पाण्याने भरून रात्रभर मुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो, हे पाहावे. एक तासाहून अधिक वेळ लागत असेल तर ती जागा पाणी मुरवण्यास योग्य मानली जात नाही. तसेच पावसाळ्यानंतर विहिरीतील पाण्याची पातळी जमिनीपासून तीन मीटरच्या आतच राहत असेल, तर तेथे आणखी पाणी मुरवून विशेष लाभ होत नाही. अशा घरांनी साठवणुकीवर भर द्यावा.

आधी साठवण, मग पुनर्भरण

शहरांत जलसंकलन म्हणजे पुनर्भरण असे समीकरण रूढ झाले आहे. जमिनीत सोडलेले पाणी सर्वांच्या उपयोगाचे असते. मात्र ते नेमके आपल्याच कूपनलिकेत उन्हाळ्यात परत मिळेल, अशी हमी चुनखडकाच्या प्रदेशात देता येत नाही. टाकीतील पाणी मोजता येते, पाहता येते आणि हवे तेव्हा वापरता येते. म्हणून शक्य तेथे प्रथम टाकी भरावी आणि तिचा सांडवा पुनर्भरणाच्या रचनेस जोडावा, ही पद्धत अधिक उपयुक्त आहे.

अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकीत १०,००० लिटर पाणी मावते. १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस झाला तर २,००० लिटर पाणी मिळते. म्हणजे अशा पाच सरींत ही टाकी भरते. भरलेली टाकी उन्हाळ्यासाठी तशीच राखून ठेवली, तर पावसाळ्यातील उरलेले सर्व पाणी सांडव्याने जाईल. त्याऐवजी जुलै आणि ऑगस्टमध्ये कपडे, भांडी, स्वच्छता आणि शौचालय यांसाठी रोज टाकीतलेच पाणी वापरावे. टाकी रोज काही प्रमाणात रिकामी होत राहते आणि पुन्हा भरते. तेवढे दिवस कूपनलिकेचा पंपही बंद राहतो. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वापर थांबवून टाकी पूर्ण भरून घ्यावी. मार्चपासून शंभर दिवस रोज १०० लिटर या हिशोबाने हे पाणी पुरते. पाच माणसांच्या घरात स्वयंपाकासाठी आणि पिण्यासाठी एवढे पाणी पुरेसे आहे.

पावसाचे पाणी मृदू असते. चुनखडकातून येणारे रायपूरच्या कूपनलिकांचे पाणी जड असते. भांड्यांवर आणि नळांच्या तोट्यांवर जमणारा पांढरा थर, साबणाला न येणारा फेस आणि डाळ शिजण्यास लागणारा वेळ ही त्याची रोजची लक्षणे आहेत. साठवलेले पावसाचे पाणी स्वयंपाकघरात वापरले तर हा फरक लगेच जाणवतो.

साठवणुकीची ही कल्पना मराठी वाचकांना नवी नाही. मुंबईजवळील कान्हेरी लेण्यांत खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहेत आणि तेथील शिलालेखांत त्यांचा उल्लेख ‘पोढी’ या शब्दाने येतो. सह्याद्रीतील किल्ल्यांवर शिबंदीचे वर्ष अशाच कोरीव टाक्यांवर निघत असे. गुजरातेत अहमदाबाद आणि पोरबंदर येथील जुन्या घरांत अंगणाखाली ‘टांके’ बांधलेले आढळतात. घराखालची टाकी ही त्यामुळे परंपरेने तपासून घेतलेली रचना आहे.

छतापासून गाळणीपर्यंत

बहुतेक घरांमधील दोष छत आणि गाळणी यांच्या दरम्यान आढळतात. त्यातील पहिला दोष नळांच्या आकाराचा. राष्ट्रीय इमारत संहितेतील कोष्टकानुसार तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडत असता १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ सुमारे ४० चौरस मीटर छताचेच पाणी वाहून नेऊ शकतो. म्हणजे १०० चौरस मीटर छतास असे किमान तीन नळ हवेत. एकच नळ असलेल्या घराच्या गच्चीवर मुसळधार पावसात पाणी साचते आणि ते भिंतींत मुरू लागते. मग घरमालक जोडणी तोडून पाणी थेट रस्त्यावर सोडतो.

दुसरा दोष पहिल्या पावसासंबंधीचा आहे. उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्न कारखान्यांमुळे शहराच्या उत्तर भागात, तसेच बीरगाव परिसरात गच्चीवर काळ्या धुळीचा थर जमतो. उन्हाळ्यातील धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पालापाचोळा यांची त्यात भर पडते. प्रत्येक कोरड्या खंडानंतर पडणाऱ्या पावसाचे पहिले एक ते दोन मिलिमीटर पाणी म्हणूनच बाहेर सोडावे लागते. १०० चौरस मीटर छतासाठी हे पाणी १०० ते २०० लिटर भरते.

बाजारात मिळणाऱ्या जोडणीत यासाठी बहुधा मीटरभर उंचीचा एक उभा नळ दिलेला असतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मीटर लांबीच्या अशा नळात जेमतेम आठ लिटर पाणी मावते. रायपूरच्या धुळीपुढे ही सोय अगदीच अपुरी आहे. २०० लिटरचे झाकणबंद पिंप ठेवून पहिले पाणी त्यात घ्यावे आणि ते भरल्यानंतरच पाणी गाळणीकडे वळेल, अशी जोडणी करावी. पिंपाच्या तळाशी लहानशी तोटी किंचित उघडी ठेवली, तर पाऊस थांबल्यावर ते आपोआप रिकामे होते आणि पुढच्या पावसासाठी तयार राहते. मे महिन्याच्या अखेरीस गच्ची झाडून धुतली असेल तर हे काम अधिक सोपे होते. कारखान्यांच्या लगत राहणाऱ्यांनी मोसमाच्या पहिल्या दोन-तीन पावसांचे सर्व पाणी सोडून द्यावे आणि संकलन त्यानंतर सुरू करावे.

तिसरा दोष गाळणीचा. गाळणीच्या तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर जाड वाळू असा क्रम असावा. वाळू वर असल्यामुळे गाळ वरच्याच थरात अडतो आणि तेवढा थर काढून धुता येतो. हा क्रम उलटा झाला तर गाळ खोलवर जातो आणि संपूर्ण गाळणी उपसावी लागते. वाळूच्या गाळणीतून चौरस मीटरमागे तासाला सुमारे ५,००० लिटर पाणी चांगले गाळले जाते. २०० लिटरच्या पिंपाचे तोंड जेमतेम पाव चौरस मीटर असते. त्यामुळे पिंपात बनवलेली गाळणी हलक्या पावसास पुरते, जोरदार पावसात ती ओसंडते. जागा असल्यास किमान एक चौरस मीटर पृष्ठभागाची पक्की गाळणी बांधावी आणि जादा पाण्यासाठी स्वतंत्र सांडवा ठेवावा. गाळणीस बगल देऊन पाणी थेट कूपनलिकेत जाईल अशी जोडणी कधीही करू नये.

खड्डा, विहीर आणि कूपनलिका

केंद्रीय भूजल मंडळाच्या मार्गदर्शनानुसार सुमारे १०० चौरस मीटर छतासाठी एक ते दोन मीटर रुंद आणि दोन ते तीन मीटर खोल पुनर्भरण खड्डा पुरेसा मानला जातो. तो तळाशी दगड, मध्ये खडी आणि वर जाड वाळू यांनी भरावा. अशा भरलेल्या खड्ड्यात पाण्यासाठी सुमारे ४० टक्केच जागा उरते, हे अनेकदा विसरले जाते. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल खड्ड्याचे एकूण घनफळ ५,६०० लिटर असले, तरी त्यात एका वेळी सुमारे २,२०० लिटर पाणीच राहू शकते. तासाला १०० मिलिमीटर वेगाच्या पावसाच्या पंधरा मिनिटांत १०० चौरस मीटर छतावरून २,००० लिटर पाणी येते. त्यामुळे याहून लहान खड्डा करणे उपयोगाचे नाही.

रायपूरच्या जुन्या वस्त्यांत, जेथे मराठी कुटुंबेही अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत, अंगणातील विहिरी अजून काही ठिकाणी शिल्लक आहेत. वापरात नसलेली विहीर ही पुनर्भरणाची सर्वांत स्वस्त आणि सोयीची जागा होय. तिच्यातील कचरा आणि गाळ काढावा, कठडा दुरुस्त करावा, वर जाळी बसवावी आणि गाळलेले पाणी नळाने पाण्याच्या पातळीपर्यंत खाली न्यावे. वरून धार पडू दिल्यास विहिरीच्या कडा ढासळतात आणि तळाचा गाळ ढवळला जातो. आटलेल्या कूपनलिकेचाही असाच उपयोग करता येतो, मात्र तेथे गाळणी अधिक काटेकोर असावी. एकदा गाळाने बुजलेली भेग पुन्हा मोकळी करणे जवळजवळ अशक्य असते.

रस्त्यावरील, वाहनतळावरील किंवा अंगणातील पाणी पुनर्भरणासाठी वापरू नये. त्यात तेल, डिटर्जंट आणि सांडपाणी मिसळलेले असते. खड्डा इमारतीच्या पायापासून किमान तीन मीटर दूर असावा. सेप्टिक टँक आणि त्याचा शोषखड्डा यांपासून विहीर किंवा पुनर्भरणाची जागा १५ ते १८ मीटर अंतरावर असणे अपेक्षित आहे.

येथेच लहान भूखंडांची खरी अडचण सुरू होते. १५० चौरस मीटरचा भूखंड म्हणजे साधारणतः दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब जागा. त्यात घर, सेप्टिक टँक आणि पुनर्भरण खड्डा यांच्यात हे अंतर राखणे शक्यच होत नाही. सेप्टिक टँकशेजारी पाणी मुरवले, तर भेगांमधील मैला पाण्याबरोबर भूजलात उतरण्याचा धोका असतो. अशा घरांनी टाकी बांधावी आणि तिचा सांडवा गल्लीतील आठ-दहा घरे मिळून वसाहतीच्या उद्यानात किंवा मोकळ्या जागेत उभारलेल्या एका सामाईक पुनर्भरण रचनेकडे न्यावा. तिची गाळणी मोठी करता येते, जागा परीक्षा करून निवडता येते आणि देखभालीची जबाबदारी रहिवासी समितीस सोपवता येते. बहुमजली इमारतींनाही हाच मार्ग सोयीचा आहे.

पिण्यासाठी वापरताना

गाळलेले पावसाचे पाणी स्वच्छ दिसले तरी ते निर्जंतुक असतेच असे नाही. पिण्यापूर्वी ते उकळावे. टाकीतील पाण्याचे निर्जंतुकीकरण करायचे असल्यास १,००० लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते. ती थोड्या पाण्यात कालवून, निवळी वरच्यावर काढून टाकीत मिसळावी आणि किमान एक तास पाणी वापरू नये. कारखान्यांच्या परिसरातील घरांनी पिण्यासाठी वापर सुरू करण्यापूर्वी पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. उकळल्याने जंतू मरतात, परंतु पाण्यात विरघळलेले धातू निघून जात नाहीत.

टाकी पूर्ण झाकलेली असावी. आत प्रकाश गेला तर शेवाळ वाढते. सांडवा आणि हवेच्या नळीस बारीक जाळी नसल्यास डेंग्यूचा प्रसार करणारे डास तेथे अंडी घालतात. पहिल्या पावसाचे पिंपही याच कारणासाठी झाकून ठेवावे आणि पाऊस थांबल्यावर रिकामे झाले आहे की नाही, हे पाहावे.

इतर शहरांचा अनुभव

तामिळनाडूने २००३ मध्ये राज्यातील सर्व इमारतींना पर्जन्यजल संकलन बंधनकारक केले. पुढच्या चांगल्या पावसांनंतर चेन्नईतील अनेक भागांत विहिरींची पातळी वाढली. मात्र २०१९ च्या उन्हाळ्यात शहरास पाणी पुरवणारे जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा घरोघरच्या अनेक रचना गाळाने भरून निकामी झाल्याचेही समोर आले. मुंबईत २००२ मध्ये १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना ही व्यवस्था बंधनकारक झाली आणि २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आणली गेली. तेथेही परवानगीपुरती व्यवस्था उभारून पुढे तिच्याकडे दुर्लक्ष झाल्याच्या तक्रारी राहिल्या. नियमामुळे रचना उभी राहते, पण ती चालू ठेवण्याचे काम दरवर्षी कोणाला तरी करावे लागते, हेच या अनुभवांतून दिसून येते.

वर्षभराचे वेळापत्रक

देखभालीचे काम मोठे नाही, परंतु ते वेळेवर व्हावे लागते. मे महिन्यात गच्ची, पन्हळी आणि नळांच्या तोंडावरील जाळ्या साफ कराव्यात. गाळणीतील वरचा पाच ते दहा सेंटिमीटर वाळूचा थर काढून धुवावा किंवा बदलावा. टाकी रिकामी असताना आतून घासून घ्यावी आणि भेगा बुजवाव्यात. जूनमध्ये पहिल्या पावसाचे पाणी बाहेर जाते की नाही, याची खात्री करावी. जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी गाळणी पाहावी. तीवर पाणी तासन्‌तास साचून राहत असेल, तर वाळू गाळाने भरली आहे असे समजावे. सप्टेंबरमध्ये टाकी भरून घ्यावी. पावसाळा संपल्यावर खड्ड्याच्या वरच्या वाळूतील गाळ काढावा.

विहीर असल्यास दर महिन्याच्या ठरावीक दिवशी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून पुनर्भरणाचा लाभ होत आहे की नाही, हे कोणाच्या सांगण्यावाचून कळते. वसाहतीतील पाच-सहा विहिरींच्या अशा नोंदी एकत्र केल्यास महापालिकेलाही त्यांचा उपयोग होऊ शकेल.

अनामत परत करताना महापालिका एकदाच पाहणी करते. तीच पाहणी काही वर्षांनी पुन्हा झाली आणि सुस्थितीतील रचनेस मालमत्ता करात सवलत मिळाली, तर देखभालीस प्रोत्साहन मिळेल. परंतु त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रायपूरच्या एका सामान्य छतावर दरवर्षी सुमारे लाखभर लिटर पाणी पडते. ते गंगरेलपासून आणावे लागत नाही आणि त्यासाठी पंपही लागत नाही. मे महिन्यात साफ केलेली गच्ची, पुरेसे मोठे पिंप, वेळेवर धुतलेली वाळू आणि योग्य जागी केलेली साठवण एवढी तयारी असेल, तर त्यातील बराचसा भाग पुढच्या उन्हाळ्यात त्याच घराच्या कामी येऊ शकतो. शिवाय शेजाऱ्याच्या कूपनलिकेतील पाणीही स्वच्छ राहते.